चक्कर आली? आधी नाडी बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत एक व्याख्यान आरोग्यावर असावं, असं कमिटीनं ठरवलं आणि सचिवांनी मला विषय विचारला. त्यांना वाटलं होतं, मी मधुमेह नाहीतर ब्लडप्रेशर सांगणार. मी म्हटलं, "चक्कर." ते म्हणाले, "मॅडम, चकरेवर तासभर काय बोलणार?" तर तेच आज सांगायचं आहे.

विषय निवडण्याचं कारण साधं आहे. २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये मुलांच्या सायकली ठेवायला जागा पुरत नव्हती. आज त्या मुलांपैकी कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला, कोणी अमेरिकेत आहे, आणि पार्किंगच्या खुर्च्यांवर आपण बसलेलो असतो. तेव्हा चाळिशीत असलेले आपण आता पासष्टीला आलो. आणि लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, दोन दिवसांपासून चक्कर येऊन राहिली, कोणती गोळी घेऊ?"

मी फिजिशियन आहे. कानाची तज्ज्ञ नाही आणि हृदयरोगतज्ज्ञही नाही. पण चकरेचा रुग्ण आधी येतो तो आमच्याकडेच, आणि त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, हृदयाच्या की मेंदूच्या, हे आम्हालाच ठरवावं लागतं. म्हणून या तिघांच्या मधल्या जागेत उभी राहून मी बोलणार आहे.

एक शब्द, अनेक तक्रारी

आपल्याकडे "चक्कर" हा एक शब्द फार गोष्टींसाठी वापरतात. घर फिरतंय असं वाटलं तरी चक्कर. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर. चालताना झोक गेला तरी चक्कर. उपासाच्या दिवशी डोकं हलकं झालं तरी चक्करच. खरं तर आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही. गरगरणं, भोवळ, घेरी, अंधारी, झोक जाणं, प्रत्येकाची छटा वेगळी आहे. पण दवाखान्यात आलं की सगळ्यांचं एकच, "चक्कर आली."

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की गरगरत असेल तर दोष कानाचा, आणि अंधारी येत असेल तर हृदयाचा किंवा रक्तदाबाचा. शिकायला सोपं होतं. पण २००८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. हृदय आणि रक्ताभिसरणाच्या कारणानं चक्कर येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ६३ टक्के लोकांनी "गरगरतं" असं सांगितलेलं होतं. ३७ टक्क्यांना तर गरगरण्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही प्रकारची चक्कर नव्हती. म्हणजे "गरगरतं ना, मग कानाचंच असेल" असं म्हणून हृदयाकडे पाठ फिरवता येत नाही.

म्हणून आता आम्ही "कशी चक्कर येते?" एवढंच विचारून थांबत नाही. तीन प्रश्न विचारतो. कधी सुरू झाली? एका वेळेला किती वेळ टिकते? काय करताना येते? आणि चौथी गोष्ट विचारायची नाही, बघायची असते, ती म्हणजे चक्कर चालू असताना नाडी कशी चालली आहे. आजचं माझं सगळं बोलणं या चार गोष्टींभोवती आहे.

कानाची चक्कर

प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, तोल सांभाळणारं यंत्र आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या. नळ्यांमध्ये पाण्यासारखा द्रव असतो. पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे अगदी बारीक कण एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. वयानं, मार लागल्यानं, कधी काहीच कारण नसताना हे कण सुटतात आणि नळीत शिरतात. मग कुशीवर वळलं, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, वाकून चप्पल घातली, की खोली गरगर फिरते. ही चक्कर सहसा मिनिटाच्या आत थांबते. मान स्थिर ठेवली की बरं वाटतं. पुन्हा वळलं की पुन्हा येते.

ही कानाची सर्वांत नेहमीची चक्कर. ती ओळखण्यासाठी रुग्णाला पलंगावर मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळे बघायचे, ही पद्धत डिक्स आणि हॉलपाइक या दोन डॉक्टरांनी १९५२ साली सांगितली. कण परत जागेवर नेण्याची युक्ती नंतर एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काढली. ठरावीक क्रमानं डोकं फिरवायचं, पाच-दहा मिनिटांचं काम. गोळीनं हे कण जागेवर जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

दुसरी, कानाच्या मज्जातंतूला सूज येऊन येणारी चक्कर. ती अचानक सुरू होते आणि दोन-तीन दिवस सतत राहते, उलट्या होतात, उठवत नाही. तिसरी, कानात दडा बसतो, आवाज येतो, ऐकू कमी येतं आणि वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत गरगरतं. तिन्हींचा वेळ वेगळा आहे, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. म्हणूनच "किती वेळ टिकते?" हा प्रश्न महत्त्वाचा.

हृदयाची चक्कर

आता हृदयाकडे येऊ. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. हे ठोके कोण देतं? हृदयाच्या वरच्या भागात एक छोटं वीजकेंद्र आहे. तिथून निघालेला विजेचा संदेश मधल्या एका चौकीतून खाली जातो आणि हृदय आकुंचन पावतं. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके, हे सर्वसाधारण प्रमाण.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंधरा टक्के वाटा तो घेतो. आणि त्याला साठवण करता येत नाही. आपल्या टेरेसवर टाकी आहे म्हणून नळ गेला तरी दिवसभर चालतं. मेंदूला अशी टाकीच नाही. सात-आठ सेकंद रक्त थांबलं तरी माणूस शुद्ध हरपतो. त्याहून कमी वेळ थांबलं किंवा नुसतं कमी पडलं, तर चक्कर येते.

हे तीन प्रकारांनी होतं. नाडी फार मंद होते, कारण वरचं केंद्र थकतं किंवा मधल्या चौकीत संदेश अडतो. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज वेगळं आणि हा विजेचा ब्लॉक वेगळा, गल्लत करू नका.) दुसरा प्रकार, नाडी एकदम १५०-१८० वर जाते आणि हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही. तिसरा, नाडी पूर्ण अनियमित होते, कोणताच ताल राहत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात आणि ते उतारवयात बरंच दिसतं.

हृदयाच्या चकरेची खूण काय? ती मान वळवण्याशी बांधलेली नसते. बसल्या बसल्या, टीव्ही बघताना, भाजी निवडताना येते. काही सेकंद राहते आणि कुठलीही पूर्वसूचना न देता माणूस पडतो. शुद्धीवरही लवकर येतो आणि म्हणतो, "काही नाही, पाय घसरला." घरच्यांनी हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं.

माझ्याकडे आलेले दोन रुग्ण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एक निवृत्त मास्तर, वय बहात्तर. चार महिने चकरेच्या गोळ्या सुरू होत्या. घरच्यांना वाटत होतं, मानेचा त्रास आहे. मनगटाला हात लावला तर नाडी मिनिटाला ३६. ईसीजीत हार्ट ब्लॉक दिसला. त्याच आठवड्यात पेसमेकर बसला आणि महिन्याभरानं ते फुटाळ्यावर फिरायला जाऊ लागले. दुसऱ्या बाई, वय अठ्ठावन्न. यांना वाटत होतं, आपल्याला हृदयविकार आहे. वर्षभर भीतीनं झोप नाही, एकट्या बाजारात जाणं बंद, सगळ्या तपासण्या चांगल्या. विचारलं, "कधी येते?" तर म्हणाल्या, "डाव्या कुशीवर वळले की." कानातले कण होते. दोन वेळा डोकं फिरवण्याची क्रिया केली आणि संपलं. हे दोघंही आले तेव्हा एकच वाक्य म्हणाले होते, "चक्कर येऊन राहिली."

कान आणि हृदय यांचं बोलणं

आता आजच्या विषयाचा गाभा. कान आणि हृदय हे काही वेगवेगळ्या विंगमध्ये राहणारे, एकमेकांना न ओळखणारे शेजारी नाहीत. त्यांच्यामध्ये इंटरकॉम आहे, आणि तो मेंदूच्या देठातून जातो.

आपण पलंगावरून उठतो तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं. रक्तदाब पडू नये म्हणून शरीराला एक-दोन सेकंदांत रक्तवाहिन्या आवळाव्या लागतात, नाडी वाढवावी लागते. हा हुकूम द्यायला मदत कोण करतं? मानेतल्या आणि छातीतल्या रक्तदाब मोजणाऱ्या नसा तर करतातच, पण कानातलं तोलाचं यंत्रही "उभे झालो बरं का" अशी वर्दी मेंदूला देतं. म्हणून कानात बिघाड झाला की काहींना उठताना जास्त अस्थिर वाटतं.

गरगरण्याचा झटका आला की हृदयाच्या गतीत बदल होतात, तेही याच वाटेनं. भीतीनं आणि ताणानं नाडी वाढते, छातीत धडधडतं, घाम येतो. उलट, मळमळ आणि उलटीच्या वेळी व्हेगस नावाची नस जोर करते आणि नाडी मंदावते, माणूस पांढराफटक पडतो. म्हणजे कानाच्या चकरेतही धडधड होते आणि घाम येतो. हार्ट अटॅकच आला म्हणून घरचे घाबरतात. घाबरणं चूक नाही. फरक ओळखण्यासाठी नाडी आणि ईसीजी बघायलाच हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. निरोगी माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी चालत नाही. श्वास आत घेताना ती किंचित वाढते, सोडताना कमी होते. दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा हा चढउतार मोजता येतो आणि त्यावरून शरीराचं आपोआप चालणारं नियंत्रण कसं आहे, याचा अंदाज येतो. चकरेच्या रुग्णांमध्ये हा चढउतार बदललेला असतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण सगळ्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत, आणि त्यावरून एकट्या रुग्णाचं निदान करता येत नाही. म्हणून असा रिपोर्ट कोणी दाखवला तर हुरळू नका आणि घाबरूही नका.

उलट्यांचं मात्र गांभीर्यानं घ्या. दोन दिवस सतत उलट्या झाल्या की शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, आणि पोटॅशियम कमी झालं की हृदयाचा ताल बिघडू शकतो. त्यात उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या हृदयाच्या विजेवर परिणाम करतात. आजार कानाचा होता, पण धोका हृदयाला झाला, असं होतं ते इथे. म्हणून सतत उलट्या होत असतील तर घरी गोळ्या बदलत बसू नका.

आणि मेंदूचीही चक्कर असते

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त साकळतं, गाठ होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. पक्षाघात म्हटलं की आपल्याला वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. पण गाठ लहान मेंदूकडे गेली तर पहिलं लक्षण गरगरणं आणि तोल जाणं हेच असू शकतं. हात-पाय नीट हलत असतात, म्हणून कोणाला शंका येत नाही.

म्हणून हे पाठ करा. अचानक आलेल्या चकरेबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा वाकडा होणं, हात किंवा पाय जड पडणं, नवी तीव्र डोकेदुखी, किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं, यांतलं एक जरी असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी, एम्स आणि अनेक खासगी रुग्णालयं आहेत. तेव्हा गाव लांब आहे अशी सबब आपल्याला नाही. उशीर होतो तो घरात, "थोडं लिंबूपाणी घे, बघू" म्हणण्यात.

आपला उन्हाळा आणि आपली औषधं

नागपूरच्या माणसानं चकरेवर बोलावं आणि उन्हाळ्याचं नाव घेऊ नये, हे शक्य नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घामानं पाणी आणि मीठ जातं. आपण खिशात कांदा ठेवतो, डोक्याला दुपट्टा बांधतो, कैरीचं पन्हं पितो. दुपट्टा आणि पन्हं चांगलंच आहे. कांद्यावर मात्र भिस्त ठेवू नका!

खरी अडचण अशी की बीपीच्या गोळ्यांचं प्रमाण पुष्कळदा हिवाळ्यात ठरलेलं असतं. थंडीत रक्तदाब थोडा वाढतो, उन्हाळ्यात थोडा उतरतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असली की मे महिन्यात उठल्याबरोबर अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर तो दोष समजतात. म्हणून उन्हाळा सुरू होताना एकदा बसून आणि एकदा उभं राहून बीपी मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी पाणी किती प्यायचं, हेही विचारूनच ठरवा.

आणखी काही औषधं सांगते. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या नाडी मंद करतात. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी रात्री लघवीला उठल्यावर रक्तदाब पडतो. आणि हे पुष्कळांना माहीत नसतं, काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे काही थेंबही रक्तात मिसळून नाडी मंद करू शकतात. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबून ठेवला तर ते कमी होतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना थेंब, मलम, काढे, सगळं एका पिशवीत घेऊन जा. नुसतं "एक पांढरी अन् एक गुलाबी गोळी" सांगून आम्हाला कळत नाही.

आणि ज्या गोळ्यांना आपण "चकरेची गोळी" म्हणतो, त्या दोन-चार दिवसांपुरत्या असतात. त्यातल्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांत हात कापणं, चाल मंदावणं असे कंपवातासारखे त्रास होतात. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नाही.

चला, नाडी मोजू

आता सगळ्यांनी डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवा. अंगठ्यानं मोजू नका, कारण अंगठ्याचीच नाडी लागते. सापडली? मी घड्याळ लावते. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा.

(येथे उपस्थित सर्वांनी स्वतःची नाडी मोजली.)

कोणाची ७२, कोणाची ८४. शाब्बास. मागच्या रांगेतल्या काकांना अजून सापडली नाही, त्यांची मी नंतर शोधून देते, काळजी नसावी. फक्त आकडा नाही, तालही बघा. ताल अनियमित लागला तर पूर्ण एक मिनिट मोजा. चक्कर येते आणि त्या वेळी नाडी ५० च्या खाली, किंवा बसल्या जागी १२० च्या वर, किंवा बेताल असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. घरच्या बीपी मशीनवर नाडीचा आकडा येतो, पण ताल बेताल असेल तर तो आकडा चुकतो. बोटांवर जास्त विश्वास ठेवा.

ईसीजीबद्दल एक गोष्ट समजून घ्या. हे यंत्र नेदरलँड्सच्या आइन्थोव्हेन यांनी उपयोगात आणलं, त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. त्यांचं पहिलं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं. आज ते हातात मावतं. पण नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचीच नोंद करतो. आपला चौकीदार रात्री दोन वाजता एक फेरी मारून आला आणि म्हणाला "सगळं ठीक आहे", म्हणून रात्रभर काहीच झालं नाही असं होत नाही. त्यासाठी सीसीटीव्ही लागतो. हृदयाचा सीसीटीव्ही म्हणजे होल्टर. छातीला पट्ट्या लावून २४ तास किंवा जास्त वेळ ताल नोंदवतात. चक्कर आली की वेळ लिहून ठेवायची. त्या वेळी ताल बिघडलेला दिसला तर कारण सापडलं. आणि त्याच वेळी ताल अगदी व्यवस्थित असेल, तर हृदयाची शंका बरीच दूर होते. हेही तितकंच मोलाचं.

पेसमेकर म्हटलं की लोक घाबरतात. जगात पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थांना. हार्ट ब्लॉकमुळे ते दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडत. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन पुढे ८६ वर्षांचे होऊन २००१ साली वारले, तेही हृदयविकारानं नव्हे, कर्करोगानं. आयुष्यभरात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. आजचं यंत्र साधारण आठ-दहा वर्षं चालतं. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत पेसमेकरचा समावेश आहे. ७० वर्षांवरच्या सर्वांना तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी काढून ठेवा.

आपल्या स्कीमसाठी काही सूचना

चकरेनं माणूस मरतो त्यापेक्षा पडून जास्त अडचणीत येतो. खुब्याचं हाड मोडलं की घरचं सगळं गणित बदलतं. म्हणून कमिटीला माझी विनंती आहे.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची असावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी, त्यांचे आजार, औषधं, रक्तगट आणि मुलांचे फोन नंबर एका बंद लिफाफ्यात चौकीदाराच्या केबिनमध्ये असावेत. घराची एक जास्तीची किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवा. अंघोळीला जाताना आतून कडी लावू नका. रात्री उठताना आधी पलंगावर बसा, मनात साठपर्यंत मोजा, मग उभे राहा. बाथरूमपर्यंत छोटा दिवा सुरू ठेवा.

कोणी पडलं तर? आडवं करा, पाय थोडे वर उचला. तोंडात पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. एकानं १०८ ला फोन लावायचा, एकानं नाडी आणि श्वास बघायचा. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे शिकायला दोन तास पुरतात. आपल्या तरुण मंडळींनी आणि चौकीदारांनी ते शिकून घ्यावं. मी शिकवायला तयार आहे.

काही प्रश्न

*मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे, त्यानंच चक्कर येते ना?* एक्स-रे काढला तर साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसते. म्हणून चकरेचं कारण तेच, असं होत नाही. कान, रक्तदाब आणि हृदय आधी तपासा.

*मुलानं अमेरिकेहून पाठवलेलं घड्याळ नाडी दाखवतं. ते खरं धरायचं का?* त्यातली चांगली घड्याळं बेताल नाडी पकडतात, हे खरं आहे. सूचना आली तर डॉक्टरांना दाखवा. पण घड्याळ गप्प आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

*चक्कर आली की लगेच साखर खाल्ली तर?* मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल आणि ग्लुकोमीटरवर साखर कमी दिसली, किंवा मोजायची सोय नसेल, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, तर जरूर द्या. एरवी साखरेनं कानातले कण हलत नाहीत आणि हार्ट ब्लॉकही सुटत नाही.

*एकदाच चक्कर आली, आता बरं आहे. तरी दाखवायचं?* कुशीवर वळताना काही सेकंद आली आणि थांबली, तर सवडीनं दाखवा. बसल्या बसल्या येऊन पडला असाल, शुद्ध हरपली असेल, चालताना किंवा व्यायाम करताना आली असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर एकदा झाली तरी पुरे. त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या रविवारपासून सकाळी नऊ ते दहा मी खाली सभागृहात बसेन. बीपी मशीन सोसायटीच्या ऑफिसात आहेच. बसून, उभं राहून बीपी आणि एक मिनिट नाडी, एवढं वहीत लिहून देईन. येताना औषधांची पिशवी आणा. आणि शेजारचं दार वाजवून, जे एकटे राहतात त्यांनाही सोबत घेऊन या.